पंधरा ते आठ

वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टसमोर रांगोळी काढत होत्या. डोंबिवलीतल्या बिल्डिंगमध्ये अंगण म्हणजे लिफ्ट आणि जिना यांच्या मधली चार पावलं जागा, त्यातही एका बाजूला कुणाची तरी सायकल आणि चपलांचं स्टँड. पण काकू दरवर्षी आधी फरशीवर गेरूचा हात फिरवतात, तो वाळेपर्यंत आत जाऊन चकल्यांचा एक घाणा काढतात आणि मग गुडघ्याखाली उशी घेऊन बसतात. ठिपक्यांचा कागद त्या वापरत नाहीत. लहानपणी आम्ही उदबत्तीने भोकं पाडून तो कागद घरीच करायचो, त्या जळक्या कागदाचा वास अजून माझ्या नाकात आहे, पण काकूंचं सगळं नजरेवर. चिमटीतून एक ठिपका, बाजूला दुसरा, आणि ओळ अगदी सुतात. मी ऑफिसातून आले होते, पर्स खांद्यावर, लिफ्टचं दार हाताने धरून उगाच बघत उभी राहिले. त्यांचा नातू शेजारी पाय पसरून रुबिक क्यूब फिरवत बसला होता. मान वर न करताच त्याने विचारलं, "आजी, ठिपके किती आहेत गं?" काकू म्हणाल्या, "पंधरा ते आठ." "तसं नाही, टोटल किती?" काकूंचा हात काही थांबला नाही. "टोटल कोण मोजत बसलंय? सहाही बाजूंना आठ-आठ दिसले की झालं."

एवढंच. खालून कुणीतरी "लिफ्ट सोडा हो" म्हणून ओरडलं, मी दार सोडलं आणि घरात आले.

पण तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. इतकी वर्षं आपण ह्या रांगोळ्या काढल्या, मैत्रिणींच्या वह्यांतून उतरवून घेतल्या, शाळेत बक्षिसं मिळवली आणि एकूण ठिपके किती हे आपल्याला एकदाही विचारावंसं वाटलं नाही? कणीक मळता मळता बेरीज करायला लागले. मधली ओळ पंधराची. तिच्यावर चौदा, मग तेरा, असं कमी होत आठपर्यंत, आणि खालीही तसंच. चौदा आणि आठ बावीस, तेरा आणि नऊ बावीस, बारा आणि दहा बावीस, उरला एकटा अकरा. झाले सत्त्याहत्तर. वरचे आणि खालचे मिळून एकशे चोपन्न, त्यात मधले पंधरा.

एकशे एकोणसत्तर.

आता ज्यांनी शाळेत तीसपर्यंतचे वर्ग पाठ केलेत त्यांना १६९ म्हटलं की पुढे आपोआप तेरा ऐकू येतं. मला तसंच झालं आणि कणकेचा हात तसाच राहिला. सहा बाजूंची रांगोळी, आणि तिचे सगळे ठिपके गोळा करून परत मांडले तर तेरा ओळी, प्रत्येक ओळीत तेरा, एक उरत नाही, एक कमी पडत नाही. हे कसं काय? म्हणजे सगळ्याच अशा रांगोळ्यांचं असं होतं की काय म्हणून वाण्याच्या बिलाच्या मागे लिहून बघितलं. तीन ते दोन, सात ठिपके. पाच ते तीन, एकोणीस. सात ते चार, सदतीस. नऊ ते पाच एकसष्ट, अकरा ते सहा एक्क्याण्णव, तेरा ते सात एकशे सत्तावीस. ह्यातला एकही पूर्ण वर्ग नाही. पंधराला तेवढा लागतो. पुढे सतरा ते नऊ केलं तर २१७, एकोणीस ते दहा २७१, परत काहीच नाही. म्हणजे पिढ्यानपिढ्या वहीत "पंधरा ते आठ" असं मथळ्यात लिहून बायका जी रांगोळी काढत आल्या, तिच्याच पोटात हा एक वर्ग लपून बसलेला, आणि आजूबाजूच्या कुठल्याच मापात तो नाही.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना ऑफिसात सांगितलं. एकजण म्हणाला, "बरं, मग?" म्हटलं, मग काय? "नाही म्हणजे, त्याचं काय करायचं?"

ह्या "काय करायचं"चा मला फार वैताग आहे. आपल्याकडे गणिताची जाहिरातच मुळी चुकीची करतात. गणित शिका, रोजच्या व्यवहारात उपयोगी पडतं, कुणी फसवणार नाही. अहो, भाजी आणायला जेवढं गणित लागतं ते चौथीतच संपतं, आणि आता तर तेही मोबाईल करतो. व्याजाच्या हिशेबाच्या प्रेमात आजवर कोण पडलंय? गाण्याच्या क्लासला मुलाला घालताना "गाणं शिक, उपयोगी पडेल" असं कुणी सांगत नाही, ते ऐकायला बरं वाटतं एवढं पुरतं. गणिताच्या बाबतीतच आपण उपयोगाची पावती मागत सुटतो. मग मुलं शाळेत विचारतात की हे शिकून पुढे काय होणार, शिक्षक सांगतात इंजिनीअर होणार, आणि ज्यांना इंजिनीअर व्हायचंच नसतं त्यांचा विषयच संपतो. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींचा असाच आठवी-नववीत संपला. त्या आज उत्तम स्वेटर विणतात, टाके मोजतात, गळ्याला किती घटवायचे ते मनातल्या मनात काढतात, आणि वर म्हणतात मला बाई गणितात शून्य.

माझ्या आजोबांना असले प्रश्न पडले नसावेत. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं जिभेवर. औट म्हणजे साडेतीन. शेर-पायलीच्या आणि आणे-पैच्या दिवसांत दुकानात बसायचं तर हे लागायचंच, तेव्हा त्यांनी ते पोटासाठी शिकलेलं, मान्य. पण मी त्यांना बघितलं ते दुकान केव्हाच बंद झाल्यावर, किलो-ग्रॅम येऊन जमाना झाल्यावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत रात्री लाईट गेले की आम्ही सगळी अंगणात सतरंजीवर पडलेलो असायचो आणि अंधारातून त्यांचा आवाज यायचा. "नऊ पाऊण?" आम्ही गप्प. मग तेच, "पावणेसात." "अकरा सवा?" कुणीतरी बोटं मोजतंय. "पावणेचौदा." "सात औट?" "साडेचोवीस!" हे माझ्या मोठ्या आतेभावाला यायचं, तो ओरडायचा, आजोबा नुसतं हुं म्हणायचे. आता विचार केला तर जाणवतं, त्या अंधारात त्यांना हिशेब कुठलाच करायचा नव्हता. घेणारं गिऱ्हाईक नाही, देणारा वाणी नाही. पाऊणकीचा एक ठेका होता, उत्तर कधी पावणे, कधी साडे, कधी सव्वा असं फिरत फिरत चौथ्याला पूर्ण आकड्यावर यायचं, तीन, सहा, नऊ, बारा, आणि तिथे ते किंचित थांबायचे. समेवर आल्यासारखे. मला ते थांबणं आठवतं, औटकी मात्र आज धड येत नाही, कॅल्क्युलेटर काढावा लागतो. त्याचं फार वाईट वाटतं असंही म्हणवत नाही, कारण ती पाठ करायची म्हणून आतेभावाने मार किती खाल्लाय तेही मी बघितलंय.

डोंबिवलीत राहते म्हणून मला दत्तात्रेय रामचंद्र काप्रेकर जरा जास्त जवळचे वाटतात. जन्म १९०५ चा, डहाणूचा, आणि नोकरी देवळालीच्या शाळेत, १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत शाळामास्तरच. गणितातली मोठी पदवी नाही. फावल्या वेळात आकड्यांशी खेळत बसायचं हा एकच नाद. त्यांनी १, १२१, १२३२१ अशा संख्यांवरून सुरुवात करून एक जातच शोधली आणि तिला नाव दिलं डेम्लो संख्या, का तर ती कल्पना त्यांना ह्याच स्टेशनवर सुचली, तेव्हा जीआयपी रेल्वेवर डोंबिवलीचं नाव डेम्लो होतं. रोज ज्या स्टेशनात मी चेंगरून गाडीत चढते तिथे कुणाला तरी संख्या सुचल्या होत्या! ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, आणि एकावर एक करत नऊ एक मांडून वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१, चढत जाऊन उतरणारा जिना. मोठमोठ्या प्राध्यापकांना हे पोरखेळ वाटायचे. काप्रेकर स्वतःच्या खर्चाने छोटी पुस्तकं छापायचे. मग मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला देवळाली कळली. तोवर ते सत्तरीचे झाले होते.

त्यांचं ६१७४ तर आता बऱ्याच जणांना माहीत असतं. कुठलेही चार अंक घ्या, चारही सारखे नकोत, उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करा, उत्तरावर परत तेच. जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतं आणि तिथेच अडकून बसतं. सिग्नलला पुढच्या रिक्षाची एमएच ०५ ची पाटी दिसली की माझं हे सुरूच असतं. एकदा काप्रेकरांचंच जन्मसाल घेऊन बघितलं. ९५१० वजा ०१५९, आले ९३५१. ९५३१ वजा १३५९, ८१७२. मग ७४४३, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि सातव्यांदा ६१७४. म्हणजे १९०५ ला सगळ्यात लांबचा रस्ता, सातच्या सात पायऱ्या. ह्याला काही अर्थ आहे का? काडीचाही नाही. भरपूर सालं सात पायऱ्या घेतात. तरी रिक्षात बसल्या बसल्या मी एकटीच हसले आणि रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

तसंच २०२५ साल लागलं तेव्हा. पंचेचाळिसाचा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ परत पंचेचाळीस, पंचेचाळिसासारख्या संख्यांना काप्रेकर संख्याच म्हणतात. शिवाय एकपासून नऊपर्यंतच्या घनांची बेरीजही तीच. वर्ग असलेलं आधीचं साल १९३६, पुढचं २११६. घरातल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक जानेवारीला हे टाकलं तर फुलांच्या चित्रांच्या आणि शुभेच्छांच्या पुरात ते कुठे वाहून गेलं कळलंही नाही. फक्त एका मामांनी रात्री उशिरा फोन केला. ते म्हणाले, "अगं, मी छत्तीसचा. माझं साल चव्वेचाळिसाचा वर्ग आहे हे मला आज कळलं." नव्वदीला टेकलेल्या माणसाला आपल्या जन्मसालाचं काहीतरी नवीन कळलं ह्याचा त्यांच्या आवाजातला आनंद, त्याला उपयोग म्हणायचं तर म्हणा.

आता गाडीचं एक सांगते, कारण गाडीत इतका वेळ जातो की सगळे विचार तिथेच होतात. रेल्वे म्हणते गाड्यांना गर्दी सरासरी अमुक एवढी आहे, आणि आपल्याला वाटतं खोटं बोलतात, आपण जातो ती गाडी तर कायम त्याहून भरलेली असते. मला बरीच वर्षं वाटायचं माझं नशीबच असलं. मग एकदा कळव्याच्या पुढे दाराजवळ एका पायावर उभं असताना ट्यूब पेटली. समजा दोनच गाड्या आहेत. एकीत चार हजार माणसं, दुसरीत एक हजार. रेल्वे बेरीज करून दोनने भागणार, सरासरी अडीच हजार. आता रेल्वेला सोडा, उतरलेल्या पाच हजार माणसांना एकेक करून विचारा की बाबा रे तुझ्या गाडीत किती जण होते. चार हजार जण सांगणार चार हजार, एक हजार जण सांगणार एक हजार. त्यांची सरासरी येते तीन हजार चारशे. दोघंही खरं बोलतायत! गर्दीची गाडी गर्दीची असते म्हणूनच ती भोगणारे जास्त असतात, रिकाम्या गाडीची साक्ष द्यायला फारसं कुणी नसतंच. बसचंही हेच, दर दहा मिनिटांनी बस म्हणतात आणि आपण वीस मिनिटं उभे, कारण आपण स्टॉपवर येतो ते मोठ्या फटीत येण्याचीच शक्यता जास्त, छोटी फट मुळात छोटीच असते. हे कळल्यावर गर्दी एका माणसानेही कमी झाली नाही. कोपर तसंच बरगडीत. पण राग कमी झाला. निदान माझ्या एकटीवर कुणी डाव धरलेला नाही, हे गणिताने सिद्ध आहे.

रांगोळीचं मात्र अजून राहिलंच होतं. हे सगळं एकाच जागी वर्ग का होतं?

धागा सापडला तो त्या नातवाच्या क्यूबमुळे. भाऊबीजेला तो फराळाचं ताट घेऊन आला, क्यूब काखेत. मी तो हातात घेऊन एका कोपऱ्याकडून, टोक आपल्या डोळ्यासमोर येईल असा धरला. तसं धरलं की तीन बाजू एकदम दिसतात आणि कडेची रेघ सहा बाजूंची होते. रांगोळीसारखी. "ह्यातले किती ठोकळे दिसतायत मोज." त्याने मोजले, एकोणीस. पाच ते तीनची रांगोळी! मग उरलेले कुठे गेले? तो म्हणाला मागे लपलेत, आठ. सत्तावीसमधून आठ गेले एकोणीस. तीनचा घन वजा दोनचा घन. दोघांनी मिळून चार ते पाच वेळा क्यूब वळवून खात्री केली, त्याने फिरवता फिरवता तो बिघडवलासुद्धा. म्हणजे पंधरा ते आठ ही आठ बाय आठ बाय आठच्या ठोकळ्याची तीन बाजूंची साल आहे, पाचशे बारातून तीनशे त्रेचाळीस वजा. आणि म्हणून सगळ्या रांगोळ्या लहानापासून एकात एक मिळवत गेलं की घन होत जातात, एक, एक अधिक सात आठ, त्यात एकोणीस सत्तावीस, त्यात सदतीस चौसष्ट. फरशीवर सपाट पडलेली रांगोळी एकदम उभी राहून खोका झाली. ते पोरगं "अरे हो" म्हणालं आणि मला त्या क्षणी ऑफिसातल्या "मग?"चं सगळं व्याज मिळालं.

पण घन झाले, वर्गाचं काय? तो रात्री वहीत सुटला. मधल्या ओळीचे ठिपके घ्या, त्यांचा वर्ग करा, तिप्पट करा, एक मिळवा, चाराने भागा, एकूण ठिपके येतात. पाचासाठी पंचवीस, पंच्याहत्तर, शहात्तर, एकोणीस. बरोबर. तर एकूण ठिपके वर्ग हवे असतील तर तिप्पट करून एक मिळवलेलं वर्ग असायला पाहिजे. पंधराचा वर्ग २२५, तिप्पट ६७५, एक मिळवला ६७६, आणि ६७६ म्हणजे सव्वीसचा वर्ग. त्याचा चौथा हिस्सा तेराचा वर्ग. सगळी गंमत त्या एका मिळवलेल्या एकाची.

आणि इथे मी जरा हिरमुसले, खरं सांगायचं तर. कारण हे गणित ओळखीचं निघालं. एका संख्येचा वर्ग घ्या, ठरलेल्या आकड्याने गुणा, एक मिळवा, परत वर्ग आला पाहिजे, ह्याला आपले जुने लोक वर्गप्रकृती म्हणायचे. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये ह्यावर लिहून ठेवलंय, एक उत्तर मिळालं की त्यातून पुढचं कसं काढायचं ती युक्तीही, तिला भावना म्हणतात. चार दिवस जे मला फक्त माझं, माझ्या स्वयंपाकघरातलं वाटत होतं ते चौदाशे वर्षांचं जुनं. पण हिरमुसणं फार वेळ टिकलं नाही, कारण पुढचं नाव भास्कराचार्यांचं होतं, आणि ते तर आपल्याकडचेच म्हणायचे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा उल्लेख असलेला शिलालेख आहे, आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने मठ काढल्याचा. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. मी तिथे गेलेय, पावसाळ्यात, सहलीबरोबर. सगळे धबधबा बघायला पुढे गेले आणि मीही गेले, कारण तेव्हा मला त्या अक्षरांशी काही देणंघेणं नव्हतं. भास्कराचार्यांनी ११५० च्या बीजगणितात तिनाच्या जागी एकसष्ट घालून तेच कोडं सोडवलंय आणि त्याचं सगळ्यात लहान उत्तर १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८० असं येतं, आधी शेवटी येणाऱ्या वर्गाचा आकडा, मग सुरुवातीला घेतलेला. सगळ्यात लहान! एकसष्टच्या ऐवजी साठ घेतलं तर एकतीस आणि चार, एवढ्यात भागतं. कागद-पेन नाही, पाटीवर धूळ पसरून बोटाने आकडे काढायचे आणि पुसायचे असले दिवस ते. फ्रान्सच्या फर्माने हाच एकसष्टचा प्रश्न युरोपातल्या गणित्यांना घातला तो १६५७ मध्ये.

भावना वापरून तिनाची पुढची उत्तरं मी काढली, ती सोपी आहेत, कुणीही काढावीत. दोन आणि एकने सुरुवात, मग सात आणि चार, मग सव्वीस आणि पंधरा, ही आपली रांगोळी. मग सत्त्याण्णव आणि छप्पन्न, ती चालत नाही कारण मधल्या ओळीत विषम ठिपके लागतात. मग ३६२ आणि २०९. म्हणजे पंधरा ते आठनंतर असा योग थेट २०९ ते १०५ च्या रांगोळीला येतो. एकूण ठिपके ३२७६१, एकशे एक्क्याऐंशीचा वर्ग. मधल्या सगळ्या मापांत एकही नाही. आणि त्यानंतर २९११, आणि असंच पुढे, ह्याला शेवट नाही.

काकूंना सांगितलं तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. घनाचं त्यांना फारसं पटलं नाही, म्हणाल्या असेल बाई. २०९ ऐकल्यावर मात्र त्यांचा हात थांबला. "केवढी होईल?" म्हटलं, ठिपक्यात एक इंच धरला तर आडवी सतरा फूट आणि उभी पंधरा. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "खाली पार्किंगमध्ये दोन गाड्या हलवल्या तर बसते. पण नजरेवर नाही व्हायची, दोरी मारावी लागेल. आणि नक्षी कुठली भरणार?" नक्षीचा मी विचारच केला नव्हता. माझ्यासाठी ठिपके संपले की रांगोळी संपत होती, त्यांच्यासाठी तिथे सुरू होते. मग आम्ही दोघी एका जुन्या वहीत कमळं बसतात की मोर बसतात ते बघत बसलो, कमळ सहाच्या चालीत फिरतं, मोराला डावं-उजवं असतं, तो सगळीकडून सारखा दिसत नाही, मग सहा मोर करायचे तर चोची कुणाकडे. सेक्रेटरींकडे अर्ज अजून दिलेला नाही. देणार आहोत.

गेल्या आठवड्यात स्टेशनबाहेर फळवाल्याकडे थांबले होते. मोसंबी रचलेली, खाली पाच बाय पाच, वर चार बाय चार, वर तीन, वर दोन, आणि शेंड्याला एक. पंचवीस, सोळा, नऊ, चार, एक, पंचावन्न. आत पेपरचे बोळे असतात हे मला माहीत आहे, पण समजा नाहीत. अशा ढिगातली एकूण फळंही वर्ग कधी होतात हे फ्रान्सच्या ल्युकाने १८७५ मध्ये विचारलं होतं. रांगोळीसारखं इथे नाही, एकट्या फळाचा ढीग सोडला तर इथे योग एकदाच येतो, चोवीस थर रचले तर ४९००, सत्तरचा वर्ग, आणि त्यानंतर कितीही उंच जा, पुन्हा कधीच नाही. जी. एन. वॉटसन यांनी १९१८ मध्ये ते सिद्ध केलं. तिथे अनंत वेळा आणि इथे एकदाच, असं का असावं ह्याचा विचार करत मी चोवीस थरांचा ढीग हातगाडीवर केवढा दिसेल ते अंदाजत होते, खालची कड चोवीस मोसंब्यांची, म्हणजे गाडी पुरणारच नाही.

"ताई, मोजून झाली असतील तर किती देऊ?"

म्हटलं अर्धा किलो द्या. तो खालच्या करंडीतून काढायला लागला. म्हटलं ह्यातली द्या की, वरची, चांगली दिसतायत.

"त्यातली नाय. परत कोण रचत बसणार?"